पहिल्या डब्याचा पिवळा दिवा

आमच्या बाबांना ओठ वाचता यायचे. गिरणीत साचेखात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. तिथे शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम चालायचे, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही, म्हणून माणसं आवाज न काढताच बोलायची आणि समोरचा ओठांवरून समजून घ्यायचा. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली गेली, आम्ही चारकोपला सेक्टरमधल्या एका खोली-स्वयंपाकघराच्या जागेत आलो, तरी बाबांची ती विद्या गेली नाही. उलट कान हळूहळू कामातून जात होते, त्यामुळे ती वाढलीच. घरात कुजबुज करायची सोय नव्हती. आईला बाबांबद्दल काही बोलायचं असलं की ती ओट्याकडे तोंड करून भिंतीला सांगितल्यासारखं बोलायची आणि मी शेजारी लसूण सोलत ऐकायची. बाबा खाटेवरून विचारायचे, "काय गो, माझी चुगली चाललीहा?" आई पाठमोरीच हसायची.

मी भित्री होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलेलं आहे. गॅसची शेगडी मी पंधराव्या वर्षापर्यंत पेटवली नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की मी बाहेरच्या खोलीत जायची. आमच्या मागे औद्योगिक वसाहत होती, तिथे दिवसभर कुठलंसं प्रेसचं मशीन धप्प धप्प करत असे आणि ते अचानक थांबलं की मला वाटायचं, कुणाचा तरी हात सापडला. आई म्हणायची, या पोरीला शांततेचीही भीती वाटते. अशा मुलीच्या हातात नोकरी म्हणून पडलं ते माणसाच्या कमरेइतक्या उंचीचं, विमानासारखा आवाज करणारं एक यंत्र.

बाबा गिरणीनंतर बोरिवलीच्या एका केंद्रात शिपाई म्हणून लागले होते. एका ट्रस्टचं केंद्र, इमारतीच्या तळमजल्यावर. थॅलेसेमिया असलेली मुलं तिथे यायची. या मुलांचं स्वतःचं रक्त शरीरात टिकत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी त्यांना दुसऱ्याचं रक्त भरावं लागतं, आणि हे जन्मभर चालतं. बाबा त्यांच्यासाठी पलंगाच्या चादरी बदलायचे, बाटल्या न्यायचे-आणायचे, चहा करायचे. मी बी.एस्सी. झाले, संगणकाचा एक वर्गही केला, तेव्हा बाबांनीच केंद्राच्या मुख्य डॉक्टर गोरक्षकर मॅडम यांच्याकडे शब्द टाकला. मॅडमनी मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम नीट वाटलं तर कायम, नाहीतर नमस्कार. मी बाबांमुळे आत आलेली होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मला काही चुकवून चालणार नव्हतं.

त्याच सुमाराला अंधेरीच्या एका मोठ्या कचेरीने आपली जुनी यंत्रं बदलली आणि त्यातलं एक केंद्राला देऊन टाकलं. खराखुरा सर्व्हर, मोठ्या कंपन्यांत असतो तसला. दोन-दोन वीजपुरवठे, सहा पंखे, पुढच्या अंगाला चार डिस्क. प्रत्येक डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली आणि पुढे मूठ, म्हणजे मूठ ओढली की डिस्क डब्यासारखी बाहेर. बाबा त्यांना डबेच म्हणायचे. यंत्र फुकट आलं, पण आतली सिस्टीम देणाऱ्यांनी पुसून टाकली होती आणि नव्याचा परवाना परवडण्यातला नव्हता. मग मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स टाकायचं ठरवलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी अशी ही सिस्टीम. तिची मला भीती वाटायची, पण मॅडमपुढे जाऊन जमत नाही म्हणायची भीती जास्त होती.

यंत्रात चारही डिस्क सांभाळायला कंपनीचं स्वतःचं एक कार्ड होतं. लिनक्सला ते कार्ड ओळखताच येईना. आठ दिवस मी झगडले. शेवटी कार्ड यंत्रात तसंच राहू दिलं आणि ते काम मी लिनक्सलाच करायला सांगितलं. माहिती चार डिस्कवर अशी वाटून ठेवायची की एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्यातलं सांगू शकतील. पुस्तकात तसं दिलेलं होतं, मी ओळीला ओळ लावून केलं. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा सर्व्हिसवाला एकदा येऊन पाहून गेला आणि म्हणाला, एवढ्या भारी मशीनवर ही फुकटातली सिस्टीम, आम्ही याला हात लावणार नाही. जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आठवडाभर जेवताना तेच आठवत बसले.

तरी यंत्र चालायला लागलं. मुलांची सगळी माहिती मी त्यात भरली. रक्तगट, वजन, कधी किती बाटल्या, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कुणाच्या शरीरात कशाविरुद्ध प्रतिपिंड तयार झालेले आहेत. सतत दुसऱ्याचं रक्त घेतलं की काही मुलांचं शरीर त्यातल्या एखाद्या गोष्टीला शत्रू मानायला लागतं. मग ती गोष्ट नसलेलंच रक्त शोधून द्यावं लागतं. मॅडमनी मला बसवून समजावलं होतं, "हे प्रतिपिंड कधीकधी झोपतात बघ. दोन वर्षांनी तपासणीत दिसतही नाहीत. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि चुकीचं रक्त दिलं की ते जागे होतात. मूल जाऊ शकतं. तेव्हा तपासणीपेक्षा जुनी नोंद मोठी." हे ऐकल्यावर मी एकेक नोंद तीनतीनदा ताडून पाहिली होती. आणि मग काय केलं, तर यंत्राला जागा हवी म्हणून जुन्या फायलींचं कपाट रिकामं करायला लावलं. मीच हट्ट धरला. आता संगणक आहे, कागद कशाला, असं मी मॅडमना म्हणाले, आणि ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले. फायली रद्दीत गेल्या. राखीव प्रत म्हणून जी केली होती ती त्याच यंत्रात दुसऱ्या कप्प्यात ठेवलेली होती. आज माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात. बघू देत.

यंत्राच्या खोलीला अर्धं काचेचं दार होतं. बाबा दिवसातून दोनदा आत येऊन मला चहा द्यायचे आणि जाताना यंत्राकडे थोडा वेळ बघत उभे राहायचे. इतक्या आवाजात त्यांना बरं वाटत असावं. गिरणीनंतर पहिल्यांदाच दुसऱ्यांनाही ऐकू येत नाही अशी जागा त्यांना मिळाली होती. आम्ही दोघं तिथे आवाज न काढता बोलायचो, म्हणजे मी बोलायची आणि ते मोठ्याने उत्तर द्यायचे. त्यांचे ओठ मला कधी वाचता आले नाहीत. शिकवतो म्हणायचे, मीच कधी बसले नाही.

नवरात्राच्या आधी कधीतरी एकदा ते चहा ठेवता ठेवता म्हणाले, "बाय, पयल्या डब्याचो दिवो पिवळो झालो हा." मी कळफलकावरून मान वर न करता म्हटलं, "असू दे हो बाबा, होतं तसं." पुन्हा दोन दिवसांनी म्हणाले. मी पुन्हा तेच म्हटलं. मला त्या दिव्याचा अर्थ माहीत नव्हता आणि विचारायला कुणी नव्हतं, आणि ज्याचा अर्थ माहीत नाही त्याच्याकडे न बघणं ही माझी जुनी सवय होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे गणपतीइतकंच त्या दिवसाचं महत्त्व. हत्यारांची पूजा. गिरणीत बाबा त्या दिवशी आपले साचे पुसून, तेल घालून, झेंडूची माळ बांधून यायचे, आणि गिरणी गेल्यावर दरवर्षी घरी पाटावर आपली कात्री आणि धागा ओढायचा चपटा हूक ठेवून त्यांना हळदकुंकू वाहायचे. साचा राहिला नव्हता, तरी हूक होता. त्या वर्षी मात्र त्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. केंद्रात एवढं मोठं यंत्र, आणि ते आपल्या मुलीच्या हातातलं. सकाळीच म्हणाले, "आज मिशिनीक आराम होयो. वरसातून एक दीस तरी होयोच." केंद्र अर्धा दिवसच उघडं होतं, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. मी दुपारी यंत्र रीतसर बंद केलं. पंखे थांबले आणि खोलीत एकदम शांत झालं. बाबा पाणी, फडकं, झेंडू घेऊन तयारच होते. मला म्हणाले, "तू जा, आवशीक मदत कर. मी पूजा करून येतंय." घरी आईने दुसऱ्या दिवसाच्या वड्यांसाठी पीठ काढलं होतं, काळे वाटाणे भिजत घातले होते. बाबा आले तेव्हा त्यांच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं आणि ते फार खुशीत होते. दसऱ्याला आम्ही वडे आणि वाटाण्यांचं सांबारं पोटभर खाल्लं. मला तो दिवस चवीसकट आठवतो, कारण त्याच्यानंतर बरेच दिवस मला कशाची चव लागली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र सुरू केलं. माळ तशीच होती, डिस्कच्या मुठींवर हळदीची बोटं होती. पंखे गरगरले, पडद्यावर अक्षरं आली आणि थांबली. डिस्कच्या मांडणीत बदल झालेला दिसतो, नव्याने मांडणी करायची का, हो की नाही, असं ते कार्ड इंग्रजीत विचारत होतं. मी नाही दाबलं. मग काळा पडदा, आणि वर एकच ओळ. ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही. मी बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं. 

बाहेर मुलं यायला लागली होती. सुट्टीमुळे दोघातिघांचा दिवस पुढे गेला होता, त्यात हेतल होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, फार बडबडी. त्या दिवशी ती आईच्या खांद्यावर डोकं टाकून आली, ओठ पांढरे. तिचं रक्त दोन दिवस आधीच भरायला हवं होतं. तिच्यासाठी पिशवी येऊन फ्रीजमध्ये ठेवलेली होती. आणि हेतलच्या अंगात कसले तरी प्रतिपिंड सापडले होते, दोन-तीन वर्षांपूर्वी. कसले, ते यंत्रात होतं.

मी सर्व्हिसवाल्याला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, सांगितलं होतं ना तुम्हाला? आता ते विचारतंय ना, हो दाबा. सगळं नव्याने तयार होईल. झकास चालेल, मग आमची सिस्टीम टाकून देऊ."

"आणि आतली माहिती?"

"ती जाणार ना. नवीन म्हणजे नवीन."

मी फोन ठेवला. हो म्हणायची कळ माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मला कळफलकाचीच भीती वाटायला लागली, हात चुकून लागेल म्हणून मी खुर्ची मागे ओढून बसले. तेव्हा बाबा चहा घेऊन आत आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झाला गो?"

"बाबा, परवा पूजा करताना तुम्ही डिस्क बाहेर काढल्या होत्या?"

"होय तर. चारय काढलंय. आतसून धूळ केवढी होती. पुसून कुकू लावन परत ठेवलंय."

 कार्डाच्या पुस्तकात लाल चौकटीत छापलेलं होतं, डिस्कचा क्रम बदलू नये, बदलल्यास माहिती नष्ट होऊ शकते. बाबांनी चारही काढल्या, एका ओळीत ठेवून पुसल्या, आणि हाताला येईल तशा परत घातल्या. हे मला डोळ्यांपुढे दिसलं, अगदी बघितल्यासारखं. ते चहा ठेवून बाहेर गेले.

पाच मिनिटांनी गोरक्षकर मॅडम आल्या. मी उभी राहिले. "हेतलची नोंद काढून दे लवकर. पोरगी पडलीये अगदी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, यंत्र सुरू होत नाहीये. त्यांचा चेहरा बदलला. "होत नाही म्हणजे? कशामुळे?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. सहा महिन्यांची बोली, आणि रद्दीत गेलेल्या फायली. काच आड होती, बाबा बाहेर व्हरांड्यात कुणाला तरी पाणी देत उभे होते, तोंड आमच्याकडे. तरी मी मॅडमच्या जवळ सरकून आवाज खाली आणला. जणू आवाज खाली आणल्याने काही होणार होतं.

"बाबांनी पूजेसाठी डिस्क काढल्या आणि चुकीच्या लावल्या. त्यामुळे झालंय. मी नव्हते तेव्हा."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. एवढंच मला दिसलं. मॅडम दार उघडून बाहेर गेल्या आणि शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काका, यापुढे या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुलांच्या जिवाशी खेळ आहे हा." बाबा "बरा" म्हणाले. मॅडमनी परत येऊन मला सांगितलं, "माझ्याकडे तासभर आहे. मला धूसर आठवतंय हेतलचं, पण आठवणीवर मी रक्त देणार नाही. ज्या रक्तपेढीकडून आधी घ्यायचो ती बंद झाली, तिथेही विचारता येणार नाही. तू काहीही कर." आणि त्या गेल्या.

मी यंत्र बंद केलं. ठरवलं की डिस्कचा क्रम बदलून बघायचा. चार डिस्क चोवीस तऱ्हांनी लावता येतात, हा हिशेब मी करून ठेवला होता, आणि चोवीस वेळा ते सुरू करायचं या विचाराने मला रडू येत होतं. पहिली मूठ ओढली. डिस्क अर्धी बाहेर आली आणि पत्र्याच्या चौकटीच्या डाव्या अंगाला, आत गेल्यावर दिसणार नाही अशा जागी, कुंकवाचा एक वाळलेला ठिपका दिसला. मी दुसरी ओढली. तिथे दोन ठिपके. तिसरीला तीन. चौथीला चार, नीट एकाखाली एक, सारख्या अंतरावर.

बाबा लहानपणापासून मला एक गोष्ट सांगायचे, इतक्यांदा की मी ऐकणं सोडून दिलं होतं. साचा उघडायचा झाला की आधी खडू घ्यायचा. कुठला भाग कुठून निघाला, त्याची खूण केल्याशिवाय काही सुटं करायचं नाही, कारण एक तुकडा इकडचा तिकडे गेला की अख्खा ताणा, म्हणजे सगळे उभे धागे, वाया. खुणेशिवाय हात लावणारा साचेवाला नव्हेच. त्यांनी डिस्क काढायच्या आधी खुणा केल्या होत्या. खडू नव्हता म्हणून कुंकवाने. आणि एका ठिपक्याची पहिल्या जागी, दोनची दुसऱ्या, तीनची तिसऱ्या, चारची चौथ्या, अशा सगळ्या जिथल्या तिथे परत बसवल्या होत्या.

मी जमिनीवर बसून होते. चूक बाबांची नव्हती, मग कुणाची? मी चारही डिस्क आत ढकलल्या, यंत्र सुरू केलं आणि या वेळी पडद्याकडे न बघता डिस्ककडे बघितलं. तीन दिवे हिरवे. पहिल्या डब्याचा पिवळा. बाबांनी दोनदा सांगितलेला.

मग हळूहळू उलगडलं. पहिली डिस्क दसऱ्याच्या कितीतरी आधीच मेली होती. कार्डाला दिसलेला बदल तो हाच. उरलेल्या तिघी मिळून गुपचूप सगळं सांभाळत होत्या, आणि यंत्र बंद होत नव्हतं तोवर काही अडण्याचं कारण नव्हतं. पण यंत्र चालू करताना सिस्टीमला जागं करणारा छोटा भाग मी एकाच डिस्कवर ठेवला होता, पहिल्या. पुस्तकात लिहिलेलं होतं की तो सगळ्यांवर ठेवा. ते पान मी घाईत उलटलं होतं. बाबांनी डिस्क काढल्या नसत्या, नुसतं यंत्र बंद करून सुरू केलं असतं, तरी हेच झालं असतं.

आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. मी मासिकाची ती सीडी शोधली, तिच्यावरून यंत्र जागं केलं आणि आज्ञा टाइप केली, की या डिस्कवर काय आहे ते वाच आणि जोडून दाखव. एंटर दाबायला मला किती वेळ लागला कोण जाणे. काचेबाहेर हेतलची आई तिला काहीतरी सांगत होती, नुसते ओठ हलताना दिसत होते. मी डोळे मिटून दाबलं. उघडले तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं की चारपैकी तीन डिस्क सापडल्या, काम सुरू केलं आहे. लिनक्सने प्रत्येक डिस्कवर तिचा तिचा क्रमांक आधीच लिहून ठेवलेला असतो, हे मला नंतर समजलं. म्हणजे बाबांनी त्या उलटसुलट लावल्या असत्या तरी त्याला काही फरक पडणार नव्हता. ज्या भीतीने मी बोलून गेले, ती भीतीसुद्धा चुकीचीच होती.

हेतलची नोंद उघडली. अँटी-ई, म्हणजे रक्तातल्या ई नावाच्या घटकाविरुद्धचे प्रतिपिंड, तीन वर्षांपूर्वीची. मी कागदावर लिहून धावत नेलं. मॅडमनी वाचलं, फ्रीज उघडून पिशवी काढली, तिच्यावरची चिठ्ठी बघितली आणि पिशवी बाजूला ठेवली. तपासणीत ती जुळत होती, पण तिच्यात ई होता. द्यायला नको होती. दुसरी पिशवी दुपारी आली, आणि संध्याकाळी हेतल पलंगावर बसून बाबांना विचारत होती की तुमच्याकडे आणखी बिस्किटं आहेत का. बाबांनी तिला तीन दिली.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाचवलंस गं," म्हणाल्या. तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं. ते सोडून मी "थँक यू मॅडम" म्हणाले. नंतर यंत्रातली टपालपेटी उघडली, तर पहिली डिस्क मेल्यापासून यंत्र रोज मला तेच सांगणारं एक पत्र पाठवत होतं. एकोणीस पत्रं होती, एकही न उघडलेलं. मी ती पुसून टाकली. हे मी पुढे वर्षभर कुणालाही सांगितलं नाही.

घरी बाबा त्याविषयी एका शब्दाने बोलले नाहीत. आईने काय झालं विचारलं तर म्हणाले, "काय नाय, मिशिन रुसला होता. चालू झाला." मी ताटातला भात चिवडत होते. मला वाटलं, कदाचित त्यांनी माझे ओठ वाचलेच नसतील, काचेवर उजेड असेल. स्वतःला हे पटवायला मी बरेच दिवस घेतले. पण चहा वेगळंच सांगायचा. दुसऱ्या दिवसापासून बाबा यंत्राच्या खोलीत आले नाहीत. दाराबाहेर त्यांनी एक लाकडी स्टूल आणून ठेवलं, त्यावर पेला ठेवायचे, काचेवर बोटाने एकदा टकटक करायचे आणि जायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा. सहा महिने झाले, मी कायम झाले, त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि माझा पेढाही स्टुलावर ठेवला. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. मी नवी डिस्क बसवली, राखीव प्रत वेगळ्या यंत्रात ठेवायला लागले, आलेलं प्रत्येक पत्र वाचायला लागले. कामात मी चांगली झाले. पण टकटक ऐकली की दर वेळी माझी बोटं कळफलकावर थांबायची.

असं जवळजवळ वर्ष गेलं. मी रोज ठरवायची आणि रोज टाळायची. मॅडमना सांगितलं तर त्या काय म्हणतील ही भीती होती, पण बाबांना सांगितलं तर ते काय म्हणतील याची जास्त होती. पुन्हा खंडेनवमी आली. सकाळी घरी पाटावर कात्री होती, हूक होता, आणि त्या दोघांच्या शेजारी माझा यंत्राचे स्क्रू पिळायचा पेचकस. माझ्या पिशवीतून त्यांनी कधी काढला होता, कळलं नाही. केंद्रात पूजेचं नाव त्यांनी काढलं नाही. मी बोरिवलीला पोचल्यावर पिशवीही न ठेवता मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पिवळा दिवा, ठिपके, एकोणीस पत्रं, सगळं. मॅडमनी चष्मा काढला.  मग एवढंच म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? आणि त्यांना आत जायला माझी आडकाठी नाही, हेही तूच सांग."

मी माझ्या खोलीत येऊन बसले. काचेवर टकटक झाली. बाबा बाहेर उभे होते, हातात पेला, स्टुलाकडे वाकायच्या बेतात. मी उठून काचेपाशी गेले. दार उघडायचं मला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. माझ्या मागे पंखे गरगरत होते. मी आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून, त्यांना दिसेल असं म्हणाले, "बाबा, तुम्ही बरोबरच लावल्या होत्या. मी खुणा बघितल्या होत्या. त्याच दिवशी. चूक माझी होती. मॅडमना सांगितलंय, तुम्ही आत आलात तर चालेल."

ते बघत राहिले. माझे ओठ थांबल्यावरही थोडा वेळ. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, गिरणीतल्या माणसाशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलले, पाच-सहा शब्द असतील. चेहऱ्यावर राग होता की नव्हता, ते मला अजून सांगता येत नाही.

मग त्यांनी पेला स्टुलावर ठेवला आणि गेले. त्या दुपारी झेंडूची माळ घेऊन ते आत आले, यंत्राला हळदकुंकू लावलं, डिस्कना हात लावला नाही. पुढे नऊ वर्षं ते तिथे होते, आम्ही रोज बरोबर घरी जायचो, बरोबर जेवायचो. ते काय म्हणाले होते, हे मी त्यांना कधीही विचारू शकले असते. मला भीती वाटली. आता ते नाहीत, माझ्या हाताखाली दूरवरच्या डेटा सेंटरांतल्या हजारो डिस्क आहेत आणि त्या कुठल्या गावात आहेत हेही मला नीट ठाऊक नाही. आणि कधीकधी मी आरशासमोर उभी राहून, त्या दिवशी त्यांचे ओठ जसे हलले होते तसे माझे हलवून बघते.